पोचेलच असं नाही

वायरशार्क नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. नेटवर्कमधून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, ते टिपतं आणि एकाखाली एक ओळी मांडत जातं: कुणी पाठवलं, कुणाला पाठवलं, किती बाइट, सेकंदाच्या कितव्या हिश्शाला. ओळींना रंग असतात. टीसीपीची (दोन टोकांच्या यंत्रांनी माहितीची देवाणघेवाण कशी करायची, त्याच्या नियमांची) नेहमीची वाहतूक फिकट जांभळी, वेबची फिकट हिरवी. आणि काही बिनसलं की काळी पट्टी, तिच्यावर लाल अक्षरं. ‘रीट्रान्समिशन’, ‘डुप्लिकेट अ‍ॅक’, ‘आउट ऑफ ऑर्डर’. एखादं पॅकेट हरवलं, एकच पोच दोनदा आली, पाचवं चौथ्याच्या आधी येऊन उभं राहिलं.

नोकरीत नवी होते तेव्हा आमच्या एका शाखेच्या लाइनवर मी हे पहिल्यांदा लावून पाहिलं. त्या शाखेतून कुणाचीच तक्रार नव्हती. लोक कामं करत होते, मेल जात होत्या, फाइली उतरत होत्या. माझ्या स्क्रीनवर मात्र दर थोड्या वेळानं काळ्या पट्ट्या. मी आमच्या सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “लाइन चांगली आहे की. याहून स्वच्छ दिसली तर मला आधी शंका येईल, तू बरोबर ठिकाणी लावलंयस का म्हणून.”

तेव्हा ही थट्टा वाटली होती. आता याच धंद्यात केस पिकल्यावर ते वाक्य मला अगदी शब्दशः पटतं. नेटवर्क ‘नीट चाललंय’ असं आपण म्हणतो तेव्हाही पॅकेटं हरवत असतात, उलटसुलट क्रमानं येत असतात, कधी तीच ती परत येतात. दोन टोकांना बसलेली यंत्रं न कुरकुरता ते निस्तरत असतात, एवढंच. मधल्या वाटेनं कसलीही हमी दिलेली नसते. देऊ नये, असं ठरवूनच ती बांधलेली आहे.

‘टीसीपी-आयपी’ हे शब्द माझ्या पिढीतल्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकले ते विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, या तेव्हाच्या सरकारी कंपनीमुळे. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा दोन प्रकारची खाती मिळत. स्वस्तातलं ‘शेल’ खातं, त्यात पडद्यावर नुसती अक्षरं. आणि महागातलं ‘टीसीपी-आयपी’ खातं, त्यात चित्रं. त्यामुळे टीसीपी-आयपी म्हणजे चित्रं दाखवणारं काहीतरी, असाच बऱ्याच जणांचा समज. कॉलेजात प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम, शिकवले तेव्हा कुणीतरी मागच्या बाकावरून विचारलंही होतं, “मॅडम, पण यात चित्रं कुठे आहेत?”

इंटरनेटच्या या हमी न देण्याच्या रितीहून टेलिफोन कंपन्यांची विचार करायची रीत वेगळी होती. तुम्ही नंबर फिरवला की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अख्खी वाट तुमच्या नावानं राखून ठेवली जायची. बोला, नाहीतर गप्प बसा, वाट तुमचीच. दर्जा सांभाळायची सगळी जबाबदारी मध्ये बसलेल्या कंपनीची, आणि टोकाचं यंत्र बिनडोक. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनमध्ये पॉल बॅरन यांनी याच्या नेमकं उलट मांडलं. अणुहल्ल्यात बरीचशी केंद्रं उडाली तरी निरोप पोचला पाहिजे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं: निरोपाचे छोटे, सारख्या मापाचे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला आणि जी वाट शाबूत सापडेल तिनं सोडून द्या. १९६४मध्ये त्यांनी हे सगळं अनेक खंडांच्या अहवालात मांडलं. एटीअँडटी या तिथल्या बलाढ्य टेलिफोन कंपनीला ते पटलं नाही. इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले डोनल्ड डेव्हिस १९६५मध्ये स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी येऊन पोचले; तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव त्यांनी दिलं.

पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट हे नेटवर्क उभं राहिलं. २९ ऑक्टोबर १९६९ला लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या यंत्रात लॉगिन करताना ‘एल’ आणि ‘ओ’ एवढी दोन अक्षरं गेली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तिच्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: अर्पानेटमध्येसुद्धा भरवशाचं ओझं मधल्या यंत्रांवरच होतं. ‘इम्प’ म्हणून ओळखली जाणारी कपाटाएवढी यंत्रं आपसात तपासणी करत, पोच देत, हरवलेलं पुन्हा पाठवत. टोकाच्या कॉम्प्युटरनं निर्धास्त असावं, अशी ती मांडणी. हा निर्धास्तपणा पहिल्यांदा निक्षून नाकारला तो फ्रान्समधल्या लुई पूझाँ यांनी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘सिक्लाद’ नावाचं नेटवर्क बांधलं. त्यातलं नेटवर्क फक्त पॅकेट पुढे ढकलायचं. ते पोचलं का, क्रमानं पोचलं का, दोनदा पोचलं का, हे टोकांनी आपलं आपण बघायचं.

टीसीपी रचणाऱ्या विंट सर्फ आणि बॉब कान यांचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांना एकाच नेटवर्कातली यंत्रं जोडायची नव्हती, तर एकमेकांशी काही नातं नसलेली नेटवर्कंच जोडायची होती. एक तारांचं, एक रेडिओचं, एक उपग्रहाचं. रेडिओवरचं पॅकेट बोगद्यात शिरलं की गेलं. उपग्रहाला गाठून परत यायला पाव सेकंद. प्रत्येकाच्या पॅकेटचं माप निराळं, चुकांची तऱ्हा निराळी, मालक निराळे. ज्यांच्या पोटात काय चाललंय ते आपल्या हातात नाही, अशा तिघांच्या आश्वासनांवर चौथं आश्वासन कसं उभं करणार? मग आश्वासन मागूच नये, हे उत्तर. मे १९७४मध्ये दोघांचा निबंध छापून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यावरून टीसीपीचं पहिलं तपशीलवार विनिर्देशन, म्हणजे नेमक्या नियमांचा दस्तऐवज, तयार झालं. त्यावर तीन नावं आहेत: सर्फ, कार्ल सनशाइन आणि योगेन दलाल. दलाल हे पवईच्या आयआयटीतून १९७२मध्ये बाहेर पडून स्टॅनफर्डला गेलेले विद्यार्थी. मुंबईत वाढलेल्या आमच्या कितीतरी इंजिनिअर मंडळींना हे नाव ठाऊक नसतं, याचं मला आश्चर्य वाटत आलंय.

२२ नोव्हेंबर १९७७ला टीसीपीची मोठी परीक्षा झाली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हायवेवरून धावणाऱ्या एका व्हॅनमधून पॅकेटं रेडिओवर निघाली, अर्पानेटमध्ये शिरली, उपग्रहावरून अटलांटिक ओलांडून युरोपात गेली, लंडनवरून फिरली आणि परत कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसजवळ येऊन पोचली. तीन निरनिराळी नेटवर्कं, आणि मधल्या कुणालाही आपण कशाचा भाग आहोत याची कल्पना नाही.

आता ते दोन टोकांचं काम नेमकं चालतं कसं, ते सांगते. ज्यांनी रजिस्टर एडीनं पत्र पाठवलंय त्यांना निम्मं आधीच कळलेलं आहे: पत्र जातं, घेणाऱ्याची सही घेऊन कार्ड परत येतं, आणि कार्ड आलं नाही तर पत्र पोचलं नाही असं धरून माणूस दुसरं पाठवतो. टीसीपी यात दोन गोष्टी जास्तीच्या करतं. ते पॅकेटांना क्रमांक देत नाही, प्रत्येक बाइटला देतं. कारण वाटेत एखाद्या नेटवर्कचं माप लहान असेल तर तुकड्यांचे आणखी तुकडे होऊ शकतात, किंवा दुसऱ्यांदा पाठवताना दोन तुकडे एकत्र बांधले जाऊ शकतात. बाइटचा क्रमांक मात्र कुठेही बदलत नाही. आणि पोच येते ती ‘हे पॅकेट मिळालं’ अशी नसून ‘अमुक क्रमांकाच्या आधीचं सगळं मिळालंय, पुढचं द्या’ अशी. त्यामुळे मधली एखादी पोच हरवली तरी बिघडत नाही, पुढची तिचंही काम करते.

क्रमांकाला ३२ बिटांची जागा आहे, म्हणजे साधारण ४२९ कोटी बाइट झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. अर्पानेटच्या ५६ किलोबिटच्या लाइनवर तिथवर जायला आठवडा लागला असता. आजच्या १० गिगाबिटच्या लाइनवर साडेतीन सेकंदसुद्धा लागत नाहीत. तेव्हा जुन्या फेरीतलं भटकं पॅकेट नव्या फेरीत घुसू नये म्हणून प्रत्येकावर वेळेचा शिक्काही मारावा लागतो. मोजणी शून्यापासून सुरू करत नाहीत त्याचंही कारण हेच. जुन्या, मेलेल्या कनेक्शनचं एखादं पॅकेट कुठल्या तरी राउटरमध्ये (पॅकेटं पुढच्या वाटेला लावणाऱ्या यंत्रात) रेंगाळून उशिरा येऊ शकतं आणि नव्या संभाषणात खपून जाऊ शकतं. म्हणून सुरुवातीलाच दोघं आपापला आरंभाचा आकडा एकमेकांना सांगतात आणि दुसऱ्याचा आकडा मिळाल्याचं कबूल करतात. त्यासाठी तीन निरोप लागतात. याचा विचार १९७५च्या सुमारास नीट मांडला तो रे टॉमलिन्सन यांनी. ईमेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’चं चिन्ह घालणारे ते हेच.

इथवर सगळं सोपं आहे. खरी मेख एका प्रश्नात आहे: वाट किती वेळ पाहायची?

पोच आली नाही. पॅकेट हरवलं की नुसतं उशिरा पोचतंय? की पॅकेट पोचलं आणि पोचच हरवली? पाठवणाऱ्याला या तिन्हींत फरक करता येत नाही, त्याच्या बाजूनं तिन्ही म्हणजे शांतताच. लवकर धीर सोडला तर नाहक दुसरी प्रत जाते. फार थांबलं तर लाइन रिकामी पडते. ठरावीक सेकंद नेमून देणंही शक्य नाही. शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरला अर्धा मिलिसेकंद पुरतो, पुण्याहून अमेरिकेला जाऊन यायला दोन-अडीचशे मिलिसेकंद. म्हणून प्रत्येक कनेक्शन स्वतः मोजत राहतं. पाठवल्यापासून पोच येईपर्यंत किती वेळ गेला, त्याची सरकती सरासरी. पण नुसती सरासरीही फसवते. एका लाइनवर प्रत्येक फेरी १९० ते २१० मिलिसेकंदांत होते, दुसऱ्या लाइनवर ५० ते ६००. दोन्हींची सरासरी सारखी आली तरी पहिलीवर ३०० म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय आणि दुसरीवर ३०० म्हणजे काहीच नाही. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये सुचवलेला उपाय असा की, चढउतार किती होतात तेही मोजायचं आणि सरासरीत त्याच्या काही पट (पुढे चौपट ठरलं) मिळवून तेवढं थांबायचं. ज्याचा स्वभाव लहरी त्याला जास्त सवलत, असा सरळ हिशेब.

त्यातही फिल कार्न यांना एक खोच सापडली. हे हौशी रेडिओवाले, हॅम रेडिओवरून टीसीपी चालवायचे. समजा पॅकेट दुसऱ्यांदा पाठवलं आणि मग पोच आली. ही पोच पहिल्याची की दुसऱ्याची? पहिल्याची धरली तर फेरी लांबलचक, दुसऱ्याची धरली तर अचाट वेगवान, आणि दोन्हींपैकी खरं काय ते कळायला मार्ग नाही. त्यांचं उत्तर मला फार आवडतं: असं माप मोजणीत धरूच नका. जे नक्की ठाऊक नाही त्यावरून अंदाज बांधू नका, आणि तोवर दर खेपेला वाट पाहायचा वेळ दुप्पट करत जा.

३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची बरीचशी वाहतूक गळपटली. ऑफिसात नुसता कल्लोळ. ज्या युरोपातल्या सर्व्हरशी आमचं रोजचं काम, तिकडची पॅकेटं आता पूर्वेकडून, जगाला वळसा घालून जात होती. पिंगचे, म्हणजे जाऊन यायच्या वेळाचे, आकडे एकदम फुगले. पण आम्हाला टीसीपीची एकही सेटिंग बदलावी लागली नाही. कनेक्शनांनी नवा वेळ मोजला, आपापला धीर तेवढा वाढवला आणि कामं रडतखडत का होईना सुरू राहिली. लोक मॅनेजरवर ओरडत होते, मॅनेजर आमच्यावर, आणि वायरशार्कमध्ये काळ्या पट्ट्यांच्या अधूनमधून जांभळ्या ओळी सरकत होत्या.

चिकाटीचीही एक विकृती असते, हे जगाला ऑक्टोबर १९८६मध्ये दिसलं. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर होतं चारशे यार्ड. मध्ये मोजकेच इम्प. एरवी तिथून सेकंदाला ३२ हजार बिट जात. त्या दिवसांत तो वेग ४० बिटांवर आला. चाळीस हजार नाही, नुसते चाळीस. सेकंदाला पाच बाइट. आजच्या युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं असतं. म्हणजे ‘राम’ लिहायला दोन सेकंदांच्या आसपास. याच्याहून जिन्यावरून धावत जाऊन कागद देऊन येणं खूपच जलद.

केबल तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. प्रत्येक जण नियमानं वागत होता, आणि तोच रोग होता. गर्दी वाढली की राउटरच्या रांगा भरतात आणि जास्तीची पॅकेटं टाकून दिली जातात. पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही, तो पुन्हा पाठवतो. सगळेच पुन्हा पाठवतात. गर्दी आणखी वाढते. शेवटी लाइन भरभरून वाहते, पण तिच्यातून वाहतात त्या मुख्यतः आधीच पोचलेल्या किंवा पुन्हा हरवणार असलेल्या प्रती. जॉन नेगल यांनी १९८४मध्येच असं होऊ शकतं हे लिहून ठेवलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आपल्याकडे फाटक उघडल्यावर रेल्वे क्रॉसिंगवर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको.

जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी काढलेला तोडगा म्हणजे माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा भाग. हरवलेलं पॅकेट म्हणजे नुसतं नुकसान नाही, ती बातमी आहे: मध्ये कुठेतरी दाटी झालीय. ती ऐकून पाठवणाऱ्यानं आपला वेग निम्मा करायचा. मग एकेक पॅकेट वाढवत पुन्हा अंदाज घ्यायचा. पुन्हा हरवलं की पुन्हा निम्मा. सुरुवातही जोरात करायची नाही, थोडक्यांपासून करून दुप्पट करत जायचं. आज मोठी फाइल उतरवताना वेग आधी रांगतो, मग झपाट्यानं चढतो, मग खाली येतो, पुन्हा चढतो, ते याच्यामुळे. नंतरच्या काळात या सूत्रात पुष्कळ बदल झाले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००६पासून क्युबिक नावाची पद्धत असते, गूगलनं २०१६मध्ये बीबीआर आणली. पण दाटीचा अंदाज घेऊन आपणहून आवरतं घ्यायचं, हा मूळ पवित्रा तोच.

आणि हे करायला भाग पाडणारं कुणीही नाही. राउटर तुमचा वेग तपासत नाही, दंड करत नाही. कुणी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममधून ही शिस्त काढून टाकली तर त्याला इतरांच्या वाट्याचंही मिळेल, निदान काही काळ. तरी अब्जावधी यंत्रं दर सेकंदाला स्वतःहून मागे सरकतात. भारतात वाढलेल्या माणसाला हे वाचताना जरा चमत्कारिकच वाटतं. (माझ्या एका मित्राचं म्हणणं, यंत्रांना निवडणूक लढवायची नसते म्हणून जमतं.)

आता ‘बरोबर पोचलं का’ याकडे येते, कारण पोचणं आणि बरोबर पोचणं यात फरक आहे. टीसीपी प्रत्येक तुकड्यासोबत १६ बिटांची एक बेरीज पाठवतं. पलीकडे तीच बेरीज पुन्हा करतात, जुळली नाही तर तुकडा फेकून देतात. बेरीजच ती, दोन-दोन बाइटांचे दोन गट एकमेकांच्या जागी गेले तरी तेवढीच येते. २०००मध्ये जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी प्रत्यक्ष वाहतूक तपासली, तेव्हा तारेवरची कडक तपासणी पास झालेल्या पॅकेटांपैकीही दर ११०० ते ३२००० मध्ये एकाची ही बेरीज चुकत असल्याचं दिसलं. म्हणजे चूक तारेत होत नव्हती. मधल्या किंवा टोकाच्या यंत्रांच्या पोटात, मेमरीतून मेमरीत हलवताना होत होती, जिथे तारेवरची तपासणी पोचतच नाही.

यावरचा एमआयटीतला किस्सा जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांच्या निबंधात आहे. तिथल्या नेटवर्कात एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत तपासणी होत असे, म्हणून प्रोग्रॅमर निर्धास्त. एक गेटवे (दोन नेटवर्कं जोडणारं यंत्र) मात्र बिघडला होता: आत आलेलं बाहेरच्या बाजूला उतरवताना साधारण दर दहा लाख बाइटांमागे एकदा दोन शेजारी बाइटांची अदलाबदल करायचा. तपासणी त्याच्या आधी व्हायची आणि नंतर व्हायची. मधल्या त्या क्षणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली कितीदा तरी त्या गेटवेतून गेल्या आणि हळूहळू नासत गेल्या. अखेर जुने छापील कागद काढून माणसांनी ओळीला ओळ ताडून त्या दुरुस्त केल्या. मी कुठलीही मोठी फाइल हलवली की दोन्ही टोकांना हॅश, म्हणजे सगळ्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, काढून ताडते. नवी पोरं हसतात. हसू देत.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदार काकांनी हा निबंध वाचलेला नाही, पण त्यांना तो पूर्ण कळलेला आहे. यूपीआयनं पैसे पाठवले, माझ्या फोनवर हिरवी टिक आली, मी फोन त्यांच्यापुढे धरला.

“गेले बघा, काका.”

“थांबा ताई, डबा बोलू द्या.”

माझ्या फोनचं म्हणणं त्यांना पुरावा वाटत नाही. पैसे घेणारं टोक त्यांचं, तेव्हा त्यांच्या टोकाकडून आलेली खबरच खरी. काउंटरवरचा तो स्पीकरचा डबा बोलला की पिशवी माझ्या हातात. मात्र तो डबासुद्धा मोबाइल नेटवर्कवरच चालतो, त्याच्याकडे येणारा निरोपही हरवू शकतो. तसं झालं की काका मोबाइलवर खातं उघडतात, आणि तेही गोल गोल फिरत राहिलं तर म्हणतात, “जाऊ द्या, उद्या बघू.”

या ‘उद्या बघू’च्या मागे एक गणिती सिद्धता आहे. दोन सेनापती दोन टेकड्यांवर, मध्ये शत्रूची दरी. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. निरोप्या दरीतून जाणार, पकडलाही जाईल. पहिल्यानं वेळ कळवली. पण ती पोचली का, हे त्याला कळल्याशिवाय तो निघणार नाही. दुसऱ्यानं पोच पाठवली; पण पोच पोचली का, हे कळल्याशिवाय तो निघणार नाही. मग पोचेची पोच, तिची पोच. समजा, ठरावीक निरोपांत हे जमतं. तर त्यातला शेवटचा निरोप पकडला गेला तरी बेत पार पडायला हवा, कारण पाठवणाऱ्याला त्याचं काय झालं ते कळायची सोयच नाही. म्हणजे तो निरोप अनावश्यक. काढून टाका. आता त्याच्या आधीचा शेवटचा झाला. त्यालाही तेच लागू. असं करत शून्यावर येता, आणि शून्य निरोपांत तर काहीच ठरत नाही. १९७५मध्ये हा युक्तिवाद पहिल्यांदा मांडला गेला, जिम ग्रे यांनी १९७८मध्ये त्याला सेनापतींचं रूप दिलं. पॅकेट हरवू शकणाऱ्या वाटेवर दोघांनाही शंभर टक्के खात्री, हे कुठल्याही प्रोटोकॉलनं होणार नाही. अजून हुशार माणूस आला, अजून महाग राउटर घेतला, तरी नाही.

म्हणून यूपीआयमध्ये घेणाऱ्याच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, की व्यवहार मधल्या अवस्थेत राहतो. तुमच्या खात्यातून पैसे गेलेले, पलीकडे जमा झाले की नाही ते अनिश्चित. उलट फिरवावेत तर कदाचित दोघांकडेही पैसे होतील. पुन्हा पाठवावेत तर कदाचित दोनदा जमा होतील. दुसरा धोका व्यवहाराच्या क्रमांकानं टळतो: तोच क्रमांक पुन्हा आला तर हे आधीच झालंय म्हणून सोडून देता येतं. पहिला टाळायला मागाहून हिशेब ताडणं एवढाच मार्ग. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९मध्ये त्यासाठी मुदती घालून दिल्या. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना अडकलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत, आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तंत्रज्ञान जिथे हात टेकतं तिथून पुढे कॅलेंडर आणि दंड. मला यात कमीपणा काही वाटत नाही. खात्री मिळणार नाही हे मान्य करून केलेली ही सोय आहे, आणि ती चालते.

टीसीपीलाही स्वतःचं संभाषण संपवताना हीच अडचण येते. एक म्हणतो, माझं झालं. दुसरा म्हणतो, कळलं, माझंही झालं. पहिला म्हणतो, कळलं. या शेवटच्या ‘कळलं’ची पोच कुणी द्यायची? कुणीच नाही. म्हणून ते पाठवणारा लगेच उठत नाही, ‘टाइम-वेट’ नावाच्या अवस्थेत बसून राहतो. शेवटची पोच हरवली असेल तर पलीकडचा पुन्हा ‘झालं’ म्हणेल, त्याला उत्तर द्यायला कुणीतरी हवं. मूळ विनिर्देशनात ही बैठक चार मिनिटांची होती. लिनक्समध्ये ती ६० सेकंदांची आहे.

गजबजलेल्या सर्व्हरवर हे साठ सेकंद जीव खातात. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जोडणी करायला लिनक्सकडे नेहमीच्या सेटिंगमध्ये २८ हजारांच्या आसपास पोर्ट (एकेका कनेक्शनला द्यायचे क्रमांक) असतात. प्रत्येक जर मिनिटभर अडकून पडलं, तर सेकंदाला पावणेपाचशेच्या वर नवी कनेक्शनं होत नाहीत. आमच्याकडे दरवर्षी नवा मुलगा किंवा मुलगी येते, त्यांचा सर्व्हर इथे अडतो आणि मग ते इंटरनेटवर शोधून एक सेटिंग घेऊन येतात, ‘टीसीपी फिन टाइमआउट’ची. “मॅडम, हे साठाचं दहा करू का?” करा म्हणते. काहीच फरक पडत नाही, कारण ती सेटिंग वेगळ्याच अवस्थेची आहे. मग दुसरी घेऊन येतात, ‘टाइम-वेट रीसायकल’ची. ती एके काळी होती खरी. पण एकाच राउटरमागे अनेक फोन असले की त्यांतल्या काहींची कनेक्शनं मुकाट्यानं नाकारली जायची, म्हणून २०१७मध्ये लिनक्समधून ती काढूनच टाकली. यंदाचा मुलगा तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणाला, “मग प्रत्येक वेळी नवीन कनेक्शन उघडायचंच कशाला? आहे तेच वापरतो ना.” आणि त्यानं कनेक्शन पूल, म्हणजे उघडी कनेक्शनं राखून पुन्हा पुन्हा वापरणारा प्रोग्रॅम, लिहिला.